मदत हवी आहे: तेरा मुखपृष्ठांतली पाचच उघडी ठेवता येणार, कोणती ठेवू?

गडाखालचा:
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी आमच्या गावात दोन खोल्यांचं वाचनालय आहे. त्यातली एक खोली पत्र्याची. पाऊस लागला की तिथं शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. रविवारी सकाळी बालविभाग मी बघतो.

गेल्या महिन्यात पुण्याच्या मावसभावानं घर बदलताना 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स'चा आख्खा संच आमच्याकडं पाठवला. डॅनियल हँडलरनं लेमनी स्निकेट या नावानं लिहिलेली तेरा पुस्तकं, १९९९ ते २००६ मधली. जुनी अमेरिकन पुठ्ठा बांधणी, ब्रेट हेलक्विस्टच्या चित्रांची. ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी: आगीत आईबाप गेलेली तीन भावंडं, व्हायोलेट, क्लाउस आणि सनी. त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून काउंट ओलाफ दर वेळी नव्या वेशात मागं लागतो. डोळा ठेवून म्हणजे अक्षरशः, त्याच्या घोट्यावर डोळा गोंदलेला आहे.

आता अडचण. आमचे तात्या तीस वर्षं वाचनालय सांभाळतात. पुस्तक आलं की शिक्का, दाखल नंबर आणि खाकी कव्हर. मी म्हटलं, मुखपृष्ठ झाकलं तर पोरं हात कशाला लावतील? तर म्हणाले, "मुखपृष्ठ म्हणजे नवरीचा शालू. रोज नेसायचा नसतोय तो."

त्यात पानांच्या कडा. या आवृत्तीत कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवल्यात, हातानं फाडल्यासारख्या. तात्यांनी चष्मा वर सरकवून एक पुस्तक उभं-आडवं फिरवलं आणि ओरडलेच, "उंदरांनी खाल्लंय की रं हे! शहापुरात देऊन मशीनवर कडा मारून आण." मी तेराच्या तेरा पोत्यात भरून घरी आणली आणि दोन दिवस तिकडं फिरकलो नाही.

शेवटी तह झाला. पाच उघडी, आठ खाकीत. तसंही पुढच्या तिरक्या फळीवर तोंड पुढं करून पाचच पुस्तकं बसतात.

माझी निवड अशी. एक नंबर 'द व्हाइल व्हिलेज', ते कावळ्यांचं. इतके कावळे, आणि तरी चित्राला गोंगाट नाही. दोन, 'द ग्रिम ग्रॉटो', पाणबुड्यांची हेल्मेटं. तीन, 'द कार्निव्होरस कार्निव्हल', एकाच सदऱ्यात दोन डोकी. चार, 'द रेप्टाइल रूम', साप. पाचव्यावर गाडी अडली. 'द बॅड बिगिनिंग' पहिलं पुस्तक म्हणून ठेवावं, खरं, चित्र म्हणून ते माझ्या पहिल्या पाचात येत नाही.

आणि एक नंबरलाच खोड निघाली. सहावीतल्या एका पोरानं कावळ्यांचं घरी नेलं. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः परत घेऊन आली, तेही पदरात धरून. "पितृपक्ष तोंडावर आलाय आन् हे कसलं पुस्तक देतायसा पोराला?"

तुम्ही क्रम कसा लावाल? नुसतं 'हे भारी' नको, का ते पण सांगा.

टिळकवाडीची:
मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. आधी एक काम कर. सगळी पुस्तकं भिंतीला टेकवून ठेव, दारात उभा राहा आणि डोळे अर्धे मीट. त्या धूसर नजरेत जी वाचता येतात ती फळीवर ठेव. जी हातात घेतल्यावरच कळतात ती आत राहू देत. हे दोन क्रम वेगळे आहेत. तू दुसरा लावलायस आणि फळीला पहिला हवा.

हेलक्विस्टची खुबी म्हणजे चित्र चौकटीत बसवलेलं असतं, जत्रेतल्या बायोस्कोपच्या भोकातून बघितल्यासारखं. भूतबीत जवळपास नसतंच. मोठी माणसं ताडासारखी उंच, हातपाय काटकुळे, आणि त्यांच्या सावलीत पोरं. भीती आहे ती त्या मापाची. अमेरिकन चित्रकार एडवर्ड गोरीच्या शाईच्या चित्रांची आठवण येते, आणि स्वतः हँडलर त्याचा चाहता. आतली चित्रं काळीपांढरी आहेत, तीही बघ. पोरांना रेघा तिथं शिकता येतील.

म्हणून माझा पहिला नंबर जत्रेचा. दोन डोकी एका सदऱ्यात दिसली की मूल थबकतं. "हे खरं आहे का?" असं विचारतं, आणि त्यासाठी पुस्तक उघडावं लागतं. कावळे दुसरे. पाणबुडीवाली हेल्मेटं लांबून नुसती गोल गोल दिसतील, ते चौथं. साप तिसरा, कारण साप कुठंही ठेव, दिसतोच. 'बॅड बिगिनिंग' पाचवं ठेव. रडत का होईना, ठेव.

निपाणीकर:
मॅडमचं सगळं मान्य, खरं पहिलं पुस्तक पाचवं कसं? ही गोष्ट क्रमानंच वाचायची आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या चित्रात पुढच्या पुस्तकाची खूण लपवलेली असते. पोरगं सातवं उचलून घरी गेलं तर त्याला ओलाफ कोण तेच कळणार नाही. खाकीवर आकडा मोठा घाला, १ ते १३, दुरून दिसेल असा.

आणि पाचव्या जागेसाठी माझ्याकडं युक्ती आहे. एक पुस्तक उलटं ठेवा! मलपृष्ठावर लेखकाचं पत्र असतं. प्रिय वाचक, यात सगळं दुःखच आहे, तुम्ही दुसरं काहीतरी वाचा, अशा अर्थाचं. त्याचं मराठी चिठ्ठीवर लिहून शेजारी चिकटवा. "हे पुस्तक खाली ठेव" म्हटल्यावर खाली ठेवणारं पोर मी अजून बघितलेलं नाही.

पश्चिमवारा:
मूळचा अनगोळचा, सध्या पुण्यात. राग मानू नका, पण सीमाभागातल्या मराठी वाचनालयात इंग्रजी पुस्तकांसाठी एवढी धडपड? इथं मराठी टिकवायचं बघा आधी.

गडाखालचा:
@पश्चिमवारा राग कसला ओ. आमच्याकडं रविवारी बावीस-तेवीस पोरं येतात. मराठी शाळेतली, कॉन्व्हेंटमधली, आणि चार-पाच कन्नड शाळेतली पण. इंग्रजी पुस्तक बघायला आलेलं पोर शेजारच्या फळीवरचं मराठी उचलतं, हे मी बघतोय. तुम्हाला खरंच वाईट वाटायचं असेल तर सांगतो, भागवतांचा फास्टर फेणे तीस वर्षं खाकीत आहे. पाठीवर नुसतं 'फा. फे. ४'. त्याच्यासाठी पण भांडणार आहे मी, खरं एका वेळी एकच तह.

@टिळकवाडीची दारात उभं राहून बघितलं. तुम्ही म्हणता ते बरोबर. हेल्मेटं दिसेनात.

खानापूर पॅसेंजर:
आजीबाईंना एक सांगून बघा. त्या पुस्तकातलं गाव कावळ्यांना मानणारं आहे. हजारो कावळे, रात्री सगळे एकाच झाडावर जाऊन बसतात, आणि गावातली माणसं त्यांना दुखवत नाहीत. आमच्या आईला मी ही गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "मग चांगलंच गाव की." गाव चांगलं नाही, ते नंतर कळतं, खरं तोवर पुस्तक घरात गेलेलं असतंय.

दुसरं म्हणजे नावं. इंग्रजीत शेवटचं 'द एंड' सोडलं तर बाराही नावांत एकाच अक्षराची जोडी आहे. खाकीच्या पाठीवर नुसता आकडा कशाला, मराठी नाव पण तसंच जुळवून घाला. बसमध्ये बसून मी काही केलीत: अशुभ आरंभ, खुली खिडकी, शुष्क शाळा, लबाड लिफ्ट, गलिच्छ गाव, दुष्ट दवाखाना, जीवघेणी जत्रा, गूढ गुहा. 'द स्लिपरी स्लोप'ला घसरता घाट. आमची पोरं तो चोर्ला घाटच समजणार, समजू देत. 'द पेनल्टिमेट पेरिल'ला उपांत्य उत्पात, याच्यावर मी स्वतःवर खूश आहे. लाकडाच्या गिरणीचं आणि सापांचं अडलंय.

टिळकवाडीची:
सापांचं सदन. गरीब गिरणी. (गिरणी गरीब नसते, राबणारे असतात, पण चालेल.)

निपाणीकर:
उपांत्य उत्पात!! मॅडम, यांना कुंदा द्या कुणीतरी.

गडाखालचा:
काल रविवार झाला. क्रम मोठ्यांनी लावायचा की पोरांनी, असं वाटून मी तेराही पुस्तकं सतरंजीवर मांडली. प्रत्येकापुढं नारळाची करवंटी ठेवली आणि प्रत्येकाला तीन तीन चिंचोके दिले. आवडेल त्या करवंटीत टाका म्हटलं. एकोणीस पोरं होती, म्हणजे सत्तावन्न चिंचोके.

साप पहिला, सतरा चिंचोके. कन्नड शाळेतलं सगळ्यात बारकं पोरगं "हावु! हावु!" करत तिन्ही त्यातच टाकून मोकळं. दोन डोक्यांचा सदरा दुसरा, तेरा. तिसरी कोण, तर मॅडमनी चौथ्यावर टाकलेली हेल्मेटं, अकरा. पोरांनी वाकून बघितली ना, सतरंजीवर दारातून बघणं नसतंय. एकानं तर ते अंतराळवीर ठरवले आणि भांडला माझ्याशी. चौथ्यावर बर्फाचा 'घसरता घाट', सहा. हे आपल्या कुणाच्याच यादीत नव्हतं. इथल्या पोरांनी बर्फ गोळ्यावाल्याच्या गाडीवरच बघितलाय, त्यामुळं असेल.

'बॅड बिगिनिंग'ला चार. आणि कावळ्यांना फक्त तीन, तेही एकाच पोरीचे. आजीची गोष्ट गावभर झाली होती. त्या पोरीला विचारलं तुला का आवडलं, तर म्हणाली, "सगळे कावळे वेगवेगळे काढलेत, एक पण परत नाही." ती पाचवीत आहे. मी दोन आठवडे बघतोय ते चित्र आणि मला हे दिसलं नव्हतं. उरलेले तीन चिंचोके इकडं तिकडं.

एका पोरीनं तेवढ्यात मोबाइलवर मालिका बघितल्याचं सांगितलं (२०१७ ते २०१९ ची नेटफ्लिक्सची), आणि "ओलाफ असा नाहीये" म्हणून चित्रालाच चूक ठरवलं. चित्र आधीचं आहे हे पटवायला दहा मिनिटं गेली.

तर फळीवर साप, सदरा, हेल्मेटं, घाट, आणि पाचव्या जागी निपाणीकरांच्या युक्तीनं 'बॅड बिगिनिंग' पाठ पुढं करून. पत्राचं मराठी मी लिहिलं. माझं वाईट कशानं वाटतंय तर कावळे आज खाकीत जाणार. ती पोरगी बघत होती.

बाइंडिंगवाला:
उशिरा वाचला धागा. शहापुरात आमचं बाइंडिंगचं काम आहे, वडिलांपासून. कडा मारायला माझ्याकडं आणली असती तर मी मारल्या नसत्या, एवढं तात्यांना सांगा. ती कडा कंपनीनंच तशी सोडलेली असती. मात्र बेळगावच्या पावसात ती दमट लवकर धरती, तेव्हा जुलै-ऑगस्टात पुस्तकं दाबून भरू नका. बोट आत जाईल एवढी जागा सोडा.

खाकीच्या बाबतीत तात्या बरोबर आहेत. प्लास्टिक घातलं तर आत घाम सुटतो आणि पुठ्ठ्यावर बुरशी चढते. खाकी श्वास घेतं. खरं खाकी म्हणजे आंधळं कव्हर कुणी सांगितलं? मॅडम म्हणाल्या ना, चित्र चौकटीत आहे. मग खाकीला तेवढीच खिडकी कापा. झिजतात ते कोपरे, पाठ आणि कडा, मधलं चित्र नाही. कोपरे झाकले की काम झालं. माप घेताना चौकटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत घ्या, म्हणजे कागद सरकला तरी पांढरं दिसत नाही.

टिळकवाडीची:
हे आधी कुणालाच सुचलं नाही! मग पाचाचा प्रश्नच मिटला की.

निपाणीकर:
फळीवर पाचच बसतात अजून. क्रम राहणार. कावळे सहावे. :)

गडाखालचा:
@बाइंडिंगवाला तुमचा निरोप तात्यांना वाचून दाखवला. "कडा मारल्या नसत्या" ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "एकाला कापून दाखव."

कावळ्यांचंच घेतलं. पहिली खिडकी वाकडी झाली, दुसरी बरी. तात्यांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, आणि विचारलं, "ह्यात ओलाफ कुठला?" मी म्हटलं, शोधा.

एक अडचण राहिली. ब्लेडनं कापताना खिडकीच्या कोपऱ्यात चीर पुढं पळते आणि दोन दिवसांत कागद तिथून फाटतो. खडेबाजारातून जाड खाकी आणून बघितला, तरी तेच.

बाइंडिंगवाला:
चारी कोपऱ्यांत आधी जाड सुईनं भोक पाडा, दाभण असेल तर उत्तमच. मग भोकापासून भोकापर्यंत कापा. चीर भोकाशी येऊन थांबती. मागनं कापडी पट्टीचा तुकडा लावा, सेलोटेप नको, वर्षात पिवळी पडती.

गडाखालचा:
दाभण मिळालं. बारा राहिलीत. आणि फा. फे. ४.