जुनी 407, चालता चालता सगळा करंट जातो, काय बघावं?

केळीगाडी: राम राम मंडळी. आपली 1998 ची टाटा 407 आहे, छोटा ट्रक, सावद्याहून केळी भरून धुळ्याला जाते. हल्ली चालता चालता मध्येच हेडलाइट, हॉर्न, डॅशबोर्ड सगळं एकदम बंद, इंजिन मात्र चालूच राहतं, आणि खड्डा आला की परत सगळं सुरू. परवा रात्री पारोळ्याच्या पुढे असंच झालं, समोर काहीच दिसेना, मागून ट्रेलर, जीव मुठीत धरून गाडी साइडला घेतली. वायरमन म्हणतो बॅटरी नि ती चार्ज करणारा अल्टरनेटर दोन्ही बदला. बदलू का?

तापीकाठ: दादा थांबा, इतक्यात काही बदलू नका. या गाडीचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे, एकदा सुरू झाली की तिला करंट लागत नाही, म्हणून इंजिन चालू राहतं. बॅटरी उतरली असती तर लाइट हळूहळू पिवळे पडले असते, खड्ड्यात आदळून परत लागले नसते. कुठंतरी लूज आहे. एक सांगा, सगळं बंद असताना चावी मारली तर सेल्फ (स्टार्टर मोटर) घेते का?

केळीगाडी: हो घेते ना, काल ढाब्यावर तेच झालं, डॅशबोर्डवर एक दिवा नाही पण सेल्फ एकदम कडक.

तापीकाठ: मग केबिनचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी, बघा आधी. सेल्फचा करंट इंजिनवरून परत जातो, दिव्यांचा नि हॉर्नचा केबिनच्या पत्र्यातून, आणि केबिन बसते रबरावर, म्हणून केबिन ते चेसिस वेगळी अर्थची वायर असते. ती वरून धडधाकट दिसते पण थिंबलपाशी (टोकाला बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) आतून गंजून हिरवी पडलेली असते. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल केबिनच्या रंग नसलेल्या कोऱ्या लोखंडाला, हेडलाइट लावा आणि कोणाला तरी ती वायर हलवायला सांगा. आकडा 0.2 च्या वर उडाला की समजा सापडलं. पत्रा चमकेपर्यंत झिरो पेपरने (बारीक पॉलिश पेपर) घासून नवी जाड वायर टाका, वरून ग्रीस लावा.

गॅरेजवाला: बरोबर सांगताय. मीटर नसेल तर जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं केबिनला लावा, दिवे लागले की खात्रीच. प्लसला चुकूनही लावू नका. आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर चेक करतो असं कोणी म्हणालं तर त्याला गाडीला हातच लावू देऊ नका, अल्टरनेटरमधले डायोड उडतात. थोडी रेस देऊन बॅटरीवर 13.8 ते 14.4 दिसलं की चार्जिंग ठीक आहे. आणि भाऊ, हे काम होईपर्यंत रात्रीची खेप घेऊ नका, दिवसा भरा.