अनुभव धागा : काळी वाळू कुठे कुठे तुडवलीत?

गोदाकाठ

मंडळी, गेल्या रविवारी आमचा नेहमीचा कंपू गंगापूर रोडला मिसळीला जमला होता. निघताना मी खिशात एक बाटली टाकली. खोकल्याच्या औषधाची, लेबल खरवडलेली, तळाला दोन बोटं काळी वाळू. टेबलावर ठेवताच एकाने विचारलं, "रस्सा काळा कमी वाटला म्हणून घरून मसाला आणलास का?"

वाळू हवाईच्या मोठ्या बेटावरची, पुनालुऊची. बोलता बोलता कळलं की आठातले तिघे कुठल्या ना कुठल्या काळ्या किनाऱ्यावर जाऊन आलेत. मिसळ गार झाली तरी गप्पा संपेनात, म्हणून हा धागा. ज्वालामुखीच्या बेटावर गेला असाल तर लिहा. 'अविस्मरणीय' वगैरे नको. पायाला काय लागलं, कुठे फजिती झाली, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. २०१९ ला भाचीकडे गेलो होतो. मला वाटायचं, काळी वाळू म्हणजे आपल्या अलिबागसारखी करडी असेल. ही तव्याच्या पाठीसारखी काळी निघाली. मुठीत घेतली की मात्र चकाकते, कारण तिच्यात बरीचशी काचच असते. तापलेला लाव्हा समुद्रात उतरला की एकदम गार होऊन फुटतो. कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची, आठवतं? तसंच, फक्त डोंगराच्या मापाने. त्या चुऱ्याची ही वाळू. त्यामुळे असा किनारा काही महिन्यांतही तयार होतो. २०१८ मध्ये तिथला किलाउएआ ज्वालामुखी फुटला तेव्हा पोहोइकीला नवाकोरा काळा किनारा झाला आणि होड्या उतरवायचा उतार वाळूने बंद पडला. जातोही तसाच झटपट. काइमूचा नावाजलेला काळा किनारा १९९० मध्ये लाव्ह्याखाली गाडला गेला.

दुपारी एक वाजता चपला हातात घेऊन चालायची हौस केली. काळा रंग ऊन पितो हे शाळेत पाठ केलं होतं, तळव्यांना तेव्हा कळलं. टेकायला समोर एक दगड दिसला म्हणून उड्या मारत गेलो, तर दगडाने डोळा उघडला. हिरवं समुद्री कासव! तिथे कासवापासून लांब राहायचा दंडक आहे. एका स्वयंसेविकेने मला नुसत्या बोटाने मागे सरकवलं, बाई वर्गाबाहेर काढायच्या तसं.

बाटली त्याच दिवशी भरली. वाळू नेऊ नका असा फलक होता. वाचला नाही असं लिहिणार होतो, पण वाचला होता.

सिडकोची सून

दादा, तुमचं कासव परवडलं.

आम्ही आइसलँडला ऑक्टोबरमध्ये गेलो. मी, नवरा आणि सासूबाई, वय ६८, आयुष्यातला दुसराच विमानप्रवास. वीक गावाजवळ रेनिसफ्यारा नावाचा किनारा आहे. एका बाजूला बेसाल्टचे बहुतेक षटकोनी खांब, काड्यापेटीतल्या काड्या उभ्या रचाव्यात तसे, आणि समुद्रात दोन-तीन काळे सुळके. ते सुळके म्हणजे उजाडायच्या आत घरी न पोहोचलेले राक्षस, त्यांचे दगड झाले, अशी तिथली गोष्ट. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे अहिल्येसारखंच, फक्त उद्धार व्हायचाय."

गाडी लावतो तिथेच मोठा फलक आहे. लाटेकडे पाठ करू नका, ओल्या वाळूच्या फार लांब थांबा. तिथे माणसं वाहून गेली आहेत. आम्ही सगळं नीट वाचलं, एकमेकांना वाचूनही दाखवलं. आणि मग फोटो काढताना मी समुद्राकडे पाठ केलीच.

पाच-सात मिनिटं लाटा आमच्यापासून बऱ्याच लांब थांबत होत्या. लय अशी की माणूस गाफील राहावा. मग एक आली ती थांबलीच नाही. आवाज मोठा नव्हता, नुसती सरसर, शेतात पाटाचं पाणी सोडल्यासारखी. सासूबाईंनी माझ्या जॅकेटची टोपी मागून धरली आणि ओढलं. मी आडवी, त्या उभ्या. पाणी गुडघ्यापर्यंत येऊन परत फिरलं, तेव्हा पायाखालची वाळू अशी सरकली की जणू कुणी सतरंजी ओढतंय. खरी भीती तेव्हा वाटली.

त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. नाशिकला आल्यावर बूट धुतले तर शिवणीतून चमचाभर काळी वाळू निघाली. मी आणलेली नाही, ती आपणहून आली. गोदाकाठदादा, हा तुम्हाला टोमणा आहे.

इंदिरानगरकर

लाखो रुपये घालून काळी वाळू बघायची? आमच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, या.

पिंपळगावचा बागाईतदार

नमस्कार. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

थोरला जर्मनीत असतो. २०२३ च्या जूनला त्याने आम्हा दोघांना ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर नेलं. पेरिसा म्हणून किनारा आहे, लांबलचक काळा. मधे मोठा डोंगर आडवा आलाय, पलीकडे कामारीचा किनारा, तोही काळाच. छत्र्यांची रांग, लोक उन्हात भाजत पडलेले. मी फुल पँट आणि बुटात उभा. अर्ध्या तासात झालं माझं बघून.

पण किनाऱ्यावरून आत जाताना रस्त्याच्या कडेला राखेसारख्या रानात हिरव्या टोपल्या ठेवलेल्या दिसल्या. गाडी थांबवायला लावली. जवळ गेलो तर द्राक्षाचा वेल! मांडव नाही, तारा नाही, अँगल नाही. वेलच गोल गोल गुंडाळून जमिनीवर पाटीसारखा बसवलेला आणि घड त्या पाटीच्या आत. वारा बेफाम असतो, ऊन कडक, म्हणून घडाला वेलाचाच आडोसा. त्याला कुलुरा म्हणतात. जात असिर्तिको, वाइनची. मी गुडघे टेकून आत हात घातला, तर मणी हरभऱ्याएवढे, कडक, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार.

ठिबक कुठे विचारलं. ठिबक नाही म्हणाले. पाऊस नावाला. रात्री समुद्रावरून दमट हवा, धुकं येतं, ते ती भुसभुशीत दगडी राख धरून ठेवते, त्यावर वेल जगतो. दुसरी गोष्ट ऐकून तर मी खालीच बसलो. वेल स्वतःच्या मुळावर. कलम नाही! युरोपभर द्राक्षाच्या बागा ज्या फायलोक्झेरा किडीने खाल्ल्या, ती इथे टिकली नाही, कारण या राखेत चिकणमाती जवळजवळ नाही. आमच्याकडे पाणी आणि क्षार बघता ज्यावर कलम बांधतात त्या डॉगरिजच्या खुंटाशिवाय बाग लावायची हिंमत कोण करतो? एकरी उतारा विचारला. आकडा ऐकून मात्र मी गप्प बसलो. आमची बँक त्यावर दारात उभं करणार नाही.

जेवायला पिवळ्या डाळीचं घट्ट वरण दिलं, वर कच्चा कांदा आणि तेल. फावा म्हणतात. आपल्या लाखेच्या डाळीची चुलत बहीण आहे ती. हिने चाखलं आणि विचारलं, "चांगलंय, पण फोडणी कधी येणारे?"

खरं सांगतो, फोनमध्ये किनाऱ्याचे फोटो चार आहेत, वेलाचे दोनशे.

गोदाकाठ

दादा, लिहायची सवय नाही म्हणे! वेलाचे फोटो टाका की.

पेठ रोडवाला

बाली, लोविना. पहाटे चारला उठवून डॉल्फिन बघायला नेलं. डॉल्फिन तीन, होड्या साठ. किनारा काळा होता की काय, अंधारात कळलं नाही.

मोजक्या शब्दांत

बालीचंच, पण वेगळं. पूर्वेकडे कुसांबाला मिठागरं आहेत आणि ती बघायला जवळजवळ कुणी जात नाही. एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर कावड घेऊन समुद्रातून पाणी आणत होते आणि काळ्या वाळूवर शिंपडत होते. आपण सकाळी अंगणात सडा टाकतो अगदी त्या हातवळणाने. वाळू वाळली की वरचा थर खरवडायचा, लाकडी पिंपात भरून त्यावर पुन्हा समुद्राचं पाणी ओतायचं. खाली ठिबकतं ते दाट खारं पाणी नारळाच्या चिरलेल्या खोडांत उन्हाला ठेवायचं. खोडाच्या त्या लांबट पन्हळीत मीठ धरतं. काळ्या वाळूतून इतकं पांढरं काही निघताना पाहून मी बराच वेळ तिथेच उभी होते. पाव किलो घेतलं. कैरीच्या लोणच्यात घातलं, लोणचं नेहमीसारखंच झालं.

पर्सवाल्या आजी

मी टंकत नाही, नातू टंकतोय.

ऑकलंडला मुलीकडे सहा महिने होते. तिथून पश्चिमेला पिहा नावाचा समुद्र आहे, वाळू काळी. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, बाहेर गेलात तर जीवरक्षक शिट्टी मारतात, कारण आत ओढणारे प्रवाह फार. मी काही पोहणार नव्हते. चटई टाकून बसले, पर्स वाळूत ठेवली. चहा झाला, पर्स उचलली, तर तिच्या बटणाला केसाळ सुरवंट चिकटलेला! मी किंचाळून पर्स फेकली. जावई धावत आले. बघतात तर सुरवंट नाही, वाळू. बटण लोहचुंबकाचं आणि वाळूत लोखंड. त्याच बाजूची वाळू वापरून तिथला कारखाना पोलाद करतो म्हणे. तारानाकी ज्वालामुखीकडचा माल लाटांबरोबर किनाऱ्याने वर येतो, असं जावयांनी सांगितलं.

ते सुरवंट पुसून जात नाही हो. पुसलं की पसरतं. पर्स अजून वापरते, बटण लावलं की करकर वाजतं.

खडकवाचक

निवृत्त भूगोल शिक्षक, त्यामुळे थोडं लांबेल.

मॉरिशसला गेलो होतो, तिथून विमानाने पाऊण तासावरच्या रियुनियन बेटावर. लेतां-साले गावाचा किनारा राखाडी-काळा आहे. पोहायला मन केलं तरी जपून. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून ठरावीक जागा सोडून बंदी. पूर्वेला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी, उंची २,६३२ मीटर, वारंवार फुटणारा. २००७ मध्ये त्याचा लाव्हा महामार्ग ओलांडून समुद्रात गेला. आता रस्ता त्या लाव्ह्यावरूनच केलाय. तिथे एक चर्च आहे, १९७७ मध्ये लाव्हा दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेला. बायको म्हणाली, आपल्याकडे असतं तर एव्हाना जत्रा सुरू झाली असती.

मी तिथे गेलो त्याचं कारण वेगळं. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो ज्या तप्त बिंदूवरून (खोलातून लाव्हा वर येत राहतो अशी जागा) गेला, तोच आज रियुनियनच्या खाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. दख्खनचा सगळा काळा दगड तेव्हा ओतला गेला. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या-पायऱ्या, पांडवलेणी ज्या त्रिरश्मीत कोरली तो डोंगर, निफाडची काळी माती, सगळं त्यातलं. चाळीस वर्षं हे फळ्यावर खडूने काढलं. लेतां-सालेला ओंजळभर वाळू उचलून मी हिला म्हटलं, "अगं, ही आपल्या भावकीतली." ती म्हणाली, "मग वाटणीवरून भांडण असणारच, ठेवा खाली."

ठेवली.

जेल रोडकर

भारतातलं कुणीच लिहिलं नाही म्हणून. अंदमानात बॅरन आयलंड, आपला एकमेव जागृत ज्वालामुखी. बेटावर उतरू देत नाहीत. बोटीतून लांबून पाहिलं, काळा उतार थेट पाण्यात. मी त्यातला बराच वेळ दुसऱ्या बाजूच्या कठड्याला धरून ओकत होतो. बायकोने व्हिडिओ काढलाय. बेटाचा नाही, माझा.

पेठ रोडवाला

गोदाकाठ, बाटलीचं काय ते बघा. हवाईच्या ज्वालामुखी उद्यानाकडे लोक उचललेले दगड टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. तिथली ज्वालामुखीची देवी पेले, तिचा कोप होतो म्हणे. हा शाप फार जुना नाही, अलीकडेच कुणीतरी पसरवला असंही म्हणतात. पण गेल्या वर्षी तुमचा गुडघा गेला, गाडी ठोकली. मी फक्त आठवण करून देतोय.

गोदाकाठ

आभार, पेठ रोड. गुडघा २०१७ पासूनचा आहे.

आजींची पर्स डोक्यातून जाईना. लहानपणी आमच्या घराचं बांधकाम चाललं होतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून वाळूच्या ढिगातून ओढायचं आणि त्याला आलेली काळी दाढी कागदावर झटकायची, हा उन्हाळ्यातला उद्योग. कागदाखालून चुंबक फिरवलं की दाढी उभी राहून चालायची. तुमच्यातल्या निम्म्यांनी केलं असेल.

काल फ्रिजवरचं चुंबक काढून बाटलीवर बाहेरून फिरवलं. थोडे कण काचेवर चढले, बाकीचे ढिम्म. मग इंदिरानगरकरांचा शब्द प्रमाण मानून समोरच्या बांधकामावर गेलो. नदीची वाळू आता कुठली, क्रश सँडचा ढीग होता. म्हणजे खाणीतला आपलाच काळा दगड भरडून केलेली. चुंबकाला बोटभर दाढी आली. वॉचमन विचारत होता, साहेब काय हरवलं?

भाची डिसेंबरात येतेय. तिला फोन करून म्हटलं, जाताना वाळू परत नेशील का. ती म्हणाली, "मामा, औषधाच्या बाटलीत काळी पूड घेऊन मला अमेरिकेच्या विमानतळावर उभं करताय?"

बाटली सध्या शोकेसमधून काढून कपाटात ठेवली आहे. कुणी टपालाने पाठवली असेल तर खर्च किती आला, ते लिहा.