मदत हवी आहे: क्रुसिबलचं (तापवायच्या छोट्या भांड्याचं) वजन सरकतच राहतंय, गरम आहे म्हणून की ओलावा धरतंय?

नमस्कार, कुणी केमिस्ट्रीवाले असतील तर प्लीज बघा. एमएससीला आहे, सल्फेटची ग्रॅव्हिमेट्री (वजनावरून प्रमाण काढणं) चालूये, म्हणजे बेरियम सल्फेट गाळायचं, फिल्टर पेपरसकट क्रुसिबलमध्ये जाळायचं, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करायचं आणि मग वजन. बॅलन्स (वजनकाटा) चार डेसिमलचा, काचेच्या पेटीतला. क्रुसिबल ठेवून दारं लावली की शेवटचा आकडा वर सरकायला लागतो तो थांबतच नाही, बघता बघता अर्धा मिलिग्रॅम चढतो. कॉन्स्टंट वेटला, म्हणजे वजन स्थिर झालं म्हणायला, लागोपाठच्या दोन वजनांत 0.2-0.3 मिलिग्रॅमच्या आत फरक पाहिजे, इथे एकाच वजनाचा पत्ता नाही 😅

बॅलन्सवर शंका घ्याल तर 50 ग्रॅमचं स्टँडर्ड वजन चिमट्याने ठेवून बघितलं, ते गुपचूप बसतं. काटा समतल असल्याचा बबल मधोमध, पंखा बंद. म्हणजे घोळ क्रुसिबलचाच.

गोची अशी की क्रुसिबल जरा जरी कोमट असलं तरी भोवतालची हवा तापून वर जाते नि ते हलकं भरतं, मग गार होईल तसं वजन वाढतं, आणि ओलावा धरला तरी वाढणारच! ओळखायचं कसं? बाहेर धो धो पाऊस, डेसिकेटरमधलं ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल (ओलं झालं की गुलाबी होतं) निम्मं गुलाबी झालंय, म्हणून मला ओलावा वाटतोय. मैत्रीण म्हणते अर्धा तास गार करून पुरत नाही.

प्रतिसाद १: दोन्ही गोष्टी एकदम बदलू नकोस, नाहीतर काहीच कळणार नाही. आधी जेल 110-120 डिग्रीला ओव्हनमध्ये परत निळं होईपर्यंत तापव. मग तेच क्रुसिबल एकदा अर्ध्या तासाने, पुन्हा तापवून एकदा तासाभराने वजन कर. तासाने सरकणं थांबलं तर मैत्रीण बरोबर. तरीही सरकलं तर खोलीतल्या हवेचा ओलावा. मग आकडा थांबायची वाट बघूच नकोस, ठेवल्यापासून दर वेळी ठरावीक सेकंदांनीच रीडिंग घे.

प्रतिसाद २: आणि बेरियम सल्फेट स्वतः ओलावा धरत नाही हो, धरतो तो क्रुसिबलचा पृष्ठभाग. म्हणून रिकामं क्रुसिबलही अगदी तेवढंच तापवून, तेवढाच वेळ गार करून मोजायचं, वजाबाकीत चूक बरीचशी उडून जाते.

मूळ प्रश्नकर्ती: थँक्यू!! पण रिकाम्याचं वजन मी गुलाबी जेलवरच घेतलंय, आता आत माल आहे, काय करू?

प्रतिसाद २: काम झालं की पावडर ब्रशने झटक, रिकामं परत तापव आणि तेव्हाचं वजन धर.