‘घनश्याम सुंदरा’तला कापडी कोण?

उंबरठा: आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला यंदा शाहीर होनाजी बाळांची ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी ठेवलीय. परदेशात वाढलेल्या मुलांसाठी पडद्यावर इंग्रजी अर्थ दाखवायचाय. ‘उदयाचळी मित्र आला’मधला मित्र म्हणजे सूर्य, हे सूर्यनमस्कारातल्या ‘ॐ मित्राय नमः’मुळे लगेच पटवता आलं. अडलंय ते ‘प्रभातकाळी उठुनि कापडी तीर्थपंथ लक्षी’ या ओळीत. कापडी म्हणजे कापडाचा व्यापारी, असं आमच्यातले दोघं ठासून सांगतायत. कार्यक्रम तोंडावर आलाय, कुणी सांगेल का?

सोनटक्का: व्यापारी नव्हे. कापडी म्हणजे यात्रेकरू, त्यातही गंगेचं पाणी कावडीतून नेणारा. संस्कृतात कार्पटिक आहे. कर्पट म्हणजे जुनेर, फाटकं वस्त्र. ते अंगावर घेऊन हिंडणारा तो कार्पटिक. त्याच कर्पटाचं आपलं कापड झालं. तेव्हा कापडाशी नातं आहे, दुकानाशी नाही.

माजघर: मला हे ओढूनताणून वाटतं. आमचे आजोबा मूळ शब्द ‘कावडी’च आहे म्हणायचे. शाहिरांची कवनं वह्यांमधून उतरत आली, कुणीतरी व चा प केला असणार. अर्थही नीट बसतो.

सोनटक्का: अर्थ बसतो म्हणून शब्द बदलायचा? नकलणाऱ्याची चूक एका वहीत राहते. कापडी महाराष्ट्राबाहेरही आहे.

खारीजमीन: आहेच. मी भुजला वाढलो. कच्छचे संत मेकण दादा कापडी पंथाचे. त्यांचा लालियो गाढव आणि मोतियो कुत्रा रणात तहानलेल्या वाटसरूंना पाणी पोचवायचे, ही कथा तिकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पाठीवर पाणी आणि पायाखाली वाट, कापडी म्हटलं की मला हेच दिसतं.

उंबरठा: मनापासून आभार! मग पडद्यावर नुसतं ‘यात्रेकरू’ पुरेल का?

दिंडीदरवाजा: वारकरी म्हणा की. मुलांनी वारीचे व्हिडिओ पाहिलेले असतात.

सोनटक्का: कृपया नको. वारकरी पंढरीला जातो, ठरल्या तिथीला, दिंडीतून. कापडी वेगळा. सोपं करायचं म्हणून एका माणसाच्या जागी दुसरा उभा करू नये.

दिंडीदरवाजा: ऐकणाऱ्याला कळलंच नाही तर अचूक शब्दाचं काय करायचं? गाणं घराघरात गेलं ते १९५१च्या ‘अमर भूपाळी’मुळे. वसंत देसाईंची चाल, पंडितराव नगरकर आणि लताबाईंचा आवाज. चित्रपट १९५२ला कानच्या महोत्सवात गेला, ध्वनिमुद्रणासाठी तिथे गौरवही झाला. तिथल्या किती लोकांना कापडी कळला असेल? तरी गाणं पोचलंच.

माजघर: चाल पोचली. ‘द्विजगण अवघे वृक्षी’ ऐकून ब्राह्मण झाडावर कसे, असं विचारणारे चांगले शिकलेले लोक मला भेटलेत. द्विज म्हणजे पक्षी. आधी अंडं, मग पिल्लू, असे दोन जन्म. दातही द्विजच.

शेणसडा: चर्चा कापड्यावर चाललीय, पण मला ‘काढी धार क्षीरपात्र घेउनि धेनु हंबरती, लक्षिताती वासुरे’ या ओळींबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. होनाजी गवळ्याचा. आमच्याकडे गाई होत्या. पहाटे चरवी वाजली की गोठ्यात हंबरणं सुरू व्हायचं. वासरू दाव्याला ताणून आचळांकडे टक लावून बघत असायचं. ते आधी लुचल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, मग त्याला ओढून बाजूला बांधायचं आणि धार काढायची. ‘लक्षिताती’ या एका क्रियापदात तो ताणलेला दोर दिसतो. ‘वाट पाहतात’ असं लिहाल तर सगळं गेलं.

उंबरठा: हे मुलांना नक्की सांगेन. पुढची ओळ ‘कुंभ घेउनि कुक्षी’ की ‘कक्षी’? आमच्याकडे दोन कागदांवर दोन पाठ आहेत.

माजघर: कक्षी. कक्ष म्हणजे काख. कुक्षी म्हणजे पोट, घागर पोटात कशी घेणार?

सोनटक्का: कुक्षीचंच मराठीत कूस झालं. कुशीवर वळतो तेव्हा आपण पोटावर झोपतो का? कूस म्हणजे बगलही. बाई घागर कमरेवर टेकवून घेते, काखेत दाबत नाही. कुक्षी अगदी बरोबर आहे.

माजघर: आई कक्षीच म्हणायची आणि तिचं पाठांतर पक्कं होतं. मी बदलणार नाही.

दिंडीदरवाजा: जाता जाता, भूपाळी हा शब्द भूप रागावरूनच आला ना?

शेणसडा: भूप तर रात्रीच्या पहिल्या प्रहरचा! सकाळी तेच पाच स्वर घेऊन देसकार राग गातात. भूपाल म्हणजे राजा, त्याला जागवायचं गाणं ती भूपाळी, असं मी मानतो.

दिंडीदरवाजा: मग देवाला जागवायच्या गाण्याला राजाचं नाव कसं?

माजघर: विठ्ठलालाही आपण पंढरीचा राणा म्हणतोच की. राणा म्हणजे राजाच. यावर वेगळा धागा काढा, माझ्याकडे आईची भूपाळ्यांची वही आहे. त्यात कक्षीच आहे.