'सेमेटरी बॉईज' : आवडलं, पण… तुमचं काय झालं?

पुस्तक मिटलं तेव्हा डोळे ओले होते आणि कपाळाला आठीही होती. एडन थॉमस यांची ही कादंबरी २०२० ची. यादरिएल हा ट्रान्स मुलगा (जन्मतः मुलगी म्हणून नोंदला गेलेला) पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका दफनभूमीतच राहतो. त्याच्या समाजात पुरुष भटकत्या आत्म्यांना मुक्ती देतात, बायका जखमा बऱ्या करतात. घरचे त्याला पुरुषांत, म्हणजे 'ब्रुहो'त, धरायला तयार नाहीत. मग तो नात्यातल्या मारित्साला सोबत घेऊन रात्री चर्चमध्ये गुपचूप स्वतःच विधी उरकतो, आणि मृत्युदेवता त्याला ब्रुहो म्हणून स्वीकारते. एवढं पहिलं प्रकरण मी तीनदा वाचलं. पण खलनायक कोण हे मला अर्ध्यातच कळलं, आणि पुढची पानं ते यादरिएलच्या डोक्यात कधी शिरतंय याची वाट बघण्यात गेली.

तुम्हीही लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी तसं सांगा.

*

माझं भलतीकडेच अडलं. पुरुष तो ब्रुहो आणि बाई ती ब्रुहा, फरक शेवटच्या स्वराचा. आपल्याकडेही तेच: आलो, आले. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलताना निसटता येतं, मराठीत तोंड उघडलं की निकाल लागतो. कॉलेजात वर्षभर मी 'जेवण झालंय', 'जाऊन यायचंय' अशी वाक्यं जुळवत काढलं. एकदा आईशी फोनवर बोलताना तोंडून 'पोचलो' गेलं. ती गप्प. मग म्हणाली, "जेवलास का?" तिने जाणून म्हटलं की ओघात, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यामुळे यादरिएलच्या घरच्यांचं प्रेमही आहे आणि शब्दही चुकतात, हे मला फार खरं वाटलं. त्याचं जुनं नाव पुस्तकात कुठेच छापलेलं नाही, हे लक्षात आलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. खटकला तो शेवटचा समारंभ. वडिलांसकट सगळी मंडळी एका रात्रीत शहाणी! माझे बाबा सहा वर्षांनीही क्रियापदापाशी अडखळतात.

*

मुलीने वाचायला दिलं. मला ते भूत, ज्युलियन, आवडलं. मेलाय तरी तोंडाला विश्रांती नाही, आणि मित्रांची खुशाली कळल्याशिवाय मुक्ती नको म्हणतो. बाकी त्याचं आणि यादरिएलचं लाजणं पन्नास पानं कमी चाललं असतं.

*

मी फँटसी वाचते ती जादूच्या नियमांसाठी, आणि इथे माझी तक्रार आहे. मारित्सा व्हीगन आहे. बरं करण्याच्या विद्येला प्राण्यांचं रक्त लागतं, म्हणून ती विद्याच वापरत नाही. म्हणजे बघा, एक जण आत घ्या म्हणून दार ठोठावतोय आणि दुसरीला दार सताड उघडं असून तीच उंबऱ्याबाहेर बसलीय. खरी कादंबरी इथे होती की! ती बहुतेक वेळ चटपटीत बोलण्यात खर्ची पडलीय. मारित्सावर वेगळं पुस्तक आलं तर मी पहिल्या दिवशी घेईन.

*

ज्युलियन शेवटी जिवंत निघतो ही पळवाट आहे, हे मला मान्य. कथा म्हणून तो मेलेलाच राहायला हवा होता, असं माझ्यातला समीक्षक म्हणतो. पण कथेत दोन मुलगे प्रेमात पडले की त्यातला एक मरणार, हे मी इतक्यांदा वाचलं-पाहिलंय की शेवटची प्रकरणं मी आधी उलटून बघितली, तो आहे ना याची खात्री केली आणि मग परत मागे येऊन वाचली. समीक्षकाला तेव्हा गप्प बसवलं.

*

अहो, शेवट फोडताना आधी सांगायचं ठरलं होतं ना! मी अजून दीडशेव्या पानावर आहे.