मदत हवी आहे: मेणबत्तीच्या हीटरची आतली कुंडी भोकापाशी तडकते
नाशिकच्या थंडीत टेबलाशेजारी ठेवायला मातीच्या कुंड्यांचा हीटर जोडलाय. 5 इंची कुंडी 8 इंचीच्या आत, दोन्ही उपड्या. तळाच्या भोकांतून 8 मिमीचा पूर्ण आट्यांचा बोल्ट, मध्ये नट-वॉशरने इंचभर फट. कडा विटांवर टेकवल्यात, म्हणजे खालून हवा येते. स्टीलच्या ताटलीत 4 टी-लाइट (वाटीतल्या छोट्या चपट्या मेणबत्त्या).

आतली कुंडी भोकापासून तडकते. तापल्यावर लोखंड मातीपेक्षा जास्त फुगतं, म्हणून नट हातानेच, सैल लावलेत. कुंडी उन्हात वाळवलेली आहे. आता भोक कानशीने मोठं करू, की 6 मिमीचा बोल्ट घालू?

दुसरं, मेणबत्त्या खेटून ठेवल्या की सगळं मेण पातळ होऊन ज्योती उंचावतात. मेणाची वाफच पेटली तर पंचाईत; त्यावर पाणी टाकलं की भडकाच. तुम्ही दोन मेणबत्त्यांत किती अंतर सोडता? ज्योतीपासून कुंडी किती उंच?

एक टी-लाइट म्हणजे जेमतेम 30-40 वॅट आणि कुंडीने उष्णता वाढत नाही, हे ठाऊक आहे. तेव्हा कृपया 'खोली तापणार नाही' एवढंच लिहू नका. खिडकी किलकिली असते, झोपण्याआधी विझवतो.

जुन्या नाशकात कुंभारवाड्यात जाड बुडाच्या, बिनरंगाच्या कुंड्या मिळतील का?