नवरा मारतो, तर मंडळाने मिटवायचं का?

गिरणगावकर: आमच्या चाळीत रविवारी मंडळाच्या ऑफिसात बैठक झाली. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण बायकोला मारतो, हे अख्ख्या चाळीला ठाऊक. चार जाणती माणसं बसली, त्याला झापलं, 'पुन्हा हात उचलणार नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, चहा झाला. मला तरी बरं वाटलं. ती मागे पोलीस ठाण्यात गेली होती, तिथे एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन घरी पाठवलं. इथे निदान त्याला चारचौघांची लाज आहे.

परळची सून: चहा कोणी केला?

गिरणगावकर: तिनेच. का?

परळची सून: काही नाही. चार पुरुष, शेजारी सासरा, समोर नवरा, आणि ती कप विसळतेय. बोलली किती ते नाही विचारत.

तिसरा मजला: टोमणे सोपे आहेत हो. 'केस टाक' म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्या रात्री ती झोपणार कुठे? खोली सासऱ्याच्या नावावर, माहेर चिपळूणला, मुलाची दहावी. कोर्टात तारखांवर तारखा. मंडळ निदान त्याच संध्याकाळी बसतं.

कोर्टातली कारकून: खोलीचा मुद्दा खरा, पण अर्धा. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005च्या कायद्यात कलम 17 प्रमाणे खोली कोणाच्याही नावावर असो, ती तिथे राहू शकते. नातलगाच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2020मध्ये स्पष्ट केलं. उलट कलम 19 खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच घराबाहेर काढू शकतात. तारखांचं मात्र मान्य. 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करा असं कायद्यात आहे, आणि ते कायद्यातच आहे.

समुपदेशनही या कायद्यात आहे, मॅजिस्ट्रेटने सांगितलं तर. पण त्याचा एक नियम मला फार आवडतो: मारल्याचं समर्थन नवऱ्याला तिथे मांडताच येत नाही. 'तिने उलट उत्तर दिलं म्हणून' हे वाक्यच बाद. तुमच्या बैठकीत पहिला प्रश्न काय होता?

गिरणगावकर: खरं सांगतो. 'तू असं काय बोललीस की त्याचा हात उठला?'

तिसरा मजला: भाषा जुनी आहे, हेतू वाईट नव्हता.

संगमनगर: मी वस्तीतल्या महिला मंडळात नऊ वर्षं आहे. आम्हीही मिटवतो, पण आधी तिच्याशी एकटीशी बोलतो. तेही तिच्या घरी नाही, नळावर किंवा रेशनच्या रांगेत. तिला नांदायचंच असेल तर नांदवतो, पण नवरा घाबरतो ते आम्हाला नाही, आमच्यामागे पोलीस आहेत म्हणून. मुंबईत 1984पासून पोलिसांच्या जोडीने महिलांचा विशेष कक्ष चालतो, पालिकेच्या हॉस्पिटलांत मार खाल्लेल्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्रं आहेत. जखम तिथे कागदावर येते. शेजाऱ्यांनी पंच होऊ नये, साक्षीदार व्हावं. रात्री आवाज आला की दार वाजवा, 'साखर आहे का' विचारा. मारणारा हात तेवढ्यापुरता थांबतो, मी पाहिलंय.

तिसरा मजला: साखरेने संसार टिकतो होय!

संगमनगर: संसाराचं नाही, तिचं डोकं फुटू नये याचं बोलतेय. भाऊ, तो स्टॅम्प पेपर आहे कोणाकडे?

गिरणगावकर: मंडळाच्या कपाटात.

परळची सून: आणि किल्ली?

गिरणगावकर: तिच्या दिराकडे. तो खजिनदार आहे.

उद्या झेरॉक्स काढून तिला देतो.